हापूसच्या पेटीवर रोझा की मुक्ता?

हापूसच्या पेटीवर नाव ‘रोझा वन’ फॉन्टमध्ये घालू की ‘मुक्ता’मध्ये, असं देवगडहून धाकटा मावसभाऊ विचारतोय. पैशांचा प्रश्नच नाही; दोन्ही फॉन्ट फुकट, धंद्यालाही चालतात. फरक पडतो छपाईत. रोझाचे जाड भाग भरदार, पण बारीक रेषा केसाएवढ्या. पुठ्ठ्याच्या खरखरीत पेटीवर लहान आकारात त्या तुटतात, नाहीतर शाई पसरून आजूबाजूची पोकळी बुजते. गुळगुळीत लेबलवर मात्र मोठ्या अक्षरातलं ‘हापूस’ काय देखणं दिसतं! मुक्ताची रेषा जवळपास एकसारख्या जाडीची, वजनंही (म्हणजे बारीक ते जाड असे प्रकार) 7, रोझाला एकच. म्हणून पत्ता, फोन, डझनाचा आकडा मुक्तातच. रस्त्याकडेच्या पाटीलाही तोच, लांबून वाचता येतो. भेटपेटीच्या झाकणावर दोन इंच उंचीचं नाव घालणार असशील, तर रोझाच घे.