रेडॉन, लिझार्ड आणि दूध-दराचं ६१२ ओळींचं फंक्शन: नऊ महिने वापरून झाल्यावर

आमचं सॉफ्टवेअर दूध संस्थांमध्ये चालतं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ), दर, पशुखाद्याची कपात, दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल. ज्यांनी लहानपणी संस्थेच्या दारात किटली घेऊन रांग लावलीय त्यांना जास्त सांगायला नको. मूळ प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेतला. मग कुणीतरी तो ओळीला ओळ पायथनमध्ये उतरवला, पुढे पायथन २ चा ३ झाला. दर काढणाऱ्या फंक्शनचं नाव ‘गेट_रेट_न्यू_फायनल_२’. ‘फायनल_१’ सुद्धा आहे, आणि ते अजूनही कुठूनतरी वापरलं जातं.

दरपत्रक बदललं की या फंक्शनला हात लावायची पाळी माझ्यावर. म्हशीचा दर दुरुस्त केला की गाईचा बिघडायचा. संस्थेच्या सचिवांचा फोन यायचा, “मॅडम, बिलात फरक यायला लागलाय की!” सगळं नव्याने लिहून काढू, असं ऑफिसात दर दिवाळीला ठरायचं आणि संक्रांतीपर्यंत विरायचं. यंदा मी म्हटलं, निदान मोजून तरी बघू की गुंता नेमका किती आणि कुठे आहे. त्यासाठी जी साधनं वापरली त्यांचा हा अनुभव. सगळी फुकट आहेत, तेव्हा पैसे वसूल झाले का हा प्रश्न नाही. वेळ वसूल झाला का, एवढाच आहे.

पहिलं रेडॉन, पायथन कोडमधला गुंता मोजणारं साधन. पिपने (पायथनची साधनं बसवणाऱ्या कमांडने) टाकायला एक मिनिट लागतं. ‘रेडॉन सीसी’ चालवलं की प्रत्येक फंक्शनपुढे अक्षर आणि आकडा येतो. १ ते ५ ला ए, १० पर्यंत बी, २० पर्यंत सी, ३० पर्यंत डी, ४० पर्यंत ई, त्यापुढे सगळं एफ. आमचं दराचं फंक्शन: एफ, ७४.

हा आकडा आकाशातून पडत नाही. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही रीत आहे. फंक्शनमध्ये वाट जिथे जिथे फुटते (इफ, फॉर वगैरे) ते फाटे मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. तीन इफ असतील तर चार. म्हणजे त्या फंक्शनमध्ये एकमेकांहून वेगळ्या अशा किमान इतक्या वाटा आहेत, आणि सगळ्या तपासायच्या तर साधारण तितक्या टेस्ट लिहाव्या लागतील. मॅकेब यांनी १० ही मर्यादा सुचवली होती. आमच्याकडे ७४ वाटा होत्या आणि टेस्ट शून्य. दर वेळी गाईचा दर का बिघडतो याचं उत्तर त्या दोन आकड्यांतच होतं.

मग आम्ही जी चूक केली ती बहुधा सगळेच करतात. रेडॉनवर बेतलेलं झेनॉन नावाचं साधन आहे. ते कमिटच्या (बदल साठवतानाच्या) तपासणीत बसवलं की ठरवलेल्या श्रेणीपेक्षा वाईट कोड आत येऊ देत नाही. आम्ही हौसेने थेट बी ची मर्यादा लावली. टीममधल्या नव्या पोराने दोन दिवसांत दराचं फंक्शन पास करून दाखवलं. कसं? ‘दर_भाग_१’ ते ‘दर_भाग_८’. सलग कोड कात्रीने कापावा तसा कापला, आणि प्रत्येक तुकड्याला अकरा-अकरा व्हेरिएबल हातात देऊन पुढच्याकडे पाठवलं. सगळे तुकडे बी, झेनॉन खूश. आणि वाचायला आधीपेक्षा कठीण, कारण आता आठ ठिकाणी वर-खाली उड्या मारायच्या. पोराची चूक नव्हती. आकडा कमी कर असं सांगितलं होतं, त्याने केला. मी ते मूळ कोडमध्ये मर्ज केलं नाही, आणि झेनॉनची मर्यादा जुन्या कोडसाठी काढून फक्त नव्या फायलींना ठेवली.

सरासरीवर तर अजिबात जाऊ नका. आमच्या प्रोजेक्टची सरासरी श्रेणी पहिल्या दिवसापासून ए आहे! एका ओळीची शेकडो फंक्शनं असतात, त्यांच्या गर्दीत एक ७४ वालं सहज लपतं. अख्ख्या वर्गाची सरासरी काढून एका नापास मुलाला पास करण्यातला प्रकार.

आकड्यांवरून आमचा अर्धा दिवस भांडणात गेला तेही सांगते. एडिटरमध्ये रफ हे पायथन कोडमधल्या चुका दाखवणारं साधन बसवलेलं होतं, त्यातही हाच मॅकेबचा नियम आहे. पण कपातीच्या फंक्शनला रेडॉन ३१ म्हणत होतं आणि रफ २२. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. रेडॉन ‘अँड’ आणि ‘ऑर’ लाही फाटा मानतं, असर्ट मोजतं. रफ ‘अँड-ऑर’ मोजत नाही. एका इफमध्ये पाच अटी कोंबणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कोडमध्ये हा फरक मोठा दिसतो. एक साधन निवडा आणि त्याचाच आकडा पुढे बघत राहा. गावागावात पायलीचं माप निरनिराळं असायचं, तसलंच हे.

आता खरी अडचण. आमच्याकडे बँकेच्या कोडवरून फाइलचा नमुना ठरवणारं एक फंक्शन आहे. इफ-एलिफची सरळ शिडी, श्रेणी डी. ते मी चहा पिता पिता वाचू शकते. उलट रिबेटचं एक फंक्शन बी मध्ये, आकडा ९, पण फॉरमध्ये इफ, त्यात इफ, त्यात पुन्हा फॉर. ते वाचताना बोट स्क्रीनवर ठेवावं लागतं. मॅकेबच्या आकड्याला खोली दिसत नाही, फक्त फाट्यांची संख्या दिसते.

याच त्रासावर सोनारसोर्स या कोड-तपासणीची साधनं बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅन कॅम्पबेल यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाचं माप मांडलं. त्यात आतल्या फाट्याला जास्त दंड आहे. एकाखाली एक तीन इफ असतील तर ३. पण फॉरच्या आत इफ आणि त्याच्या आत आणखी एक इफ असेल तर १ अधिक २ अधिक ३, म्हणजे ६. मॅकेब दोन्हींना ४ च देतो. आमच्या रिबेटच्या फंक्शनने इथे लगेच मान वर काढली. इफ-एलिफच्या शिडीला मात्र इथेही प्रत्येक पायरीचा एक लागतोच. स्विच (एका किमतीवरून अनेक पर्यायांतला एक निवडणारी रचना) असेल तर सगळ्याचा मिळून एक.

हे माप त्याच कंपनीच्या सोनारक्यूबमध्ये मिळतं, पण त्याच्या पोटात इलॅस्टिकसर्च हे जड शोध-इंजिन चालतं आणि आमच्या कोपऱ्यातल्या जुन्या ४ जीबीच्या मशीनला धाप लागली. दोष मशीनचा. मग कॉम्प्लेक्सिपाय सापडलं. पायथनपुरतं तेवढंच माप देतं, रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि झटकन चालतं. पाचव्या महिन्यापासून मी रेडॉनपेक्षा याच्याच यादीकडे आधी बघते.

लिझार्ड हेही मॅकेबचा आकडा काढणारं साधन; त्याची गरज पडली ती मोबाइल ॲपच्या जावा कोडसाठी. सी, सी++, जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, बऱ्याच भाषा त्याला चालतात, आणि कोड कंपाइल झालेला असावा अशी अट नाही. १५ च्या वर गेलं की इशारा देतं. मला मात्र त्यातला पॅरामीटरच्या (फंक्शनला बाहेरून द्यायच्या व्हेरिएबलच्या) संख्येचा रकाना सगळ्यात उपयोगी वाटला. ‘दर_भाग’ वाली चलाखी तिथे ताबडतोब उघडी पडते.

रेडॉनमध्येच मेन्टेनेबिलिटी इंडेक्स नावाचाही एक प्रकार आहे. ओळींची संख्या, मॅकेबचा आकडा आणि हॉलस्टेडची १९७७ ची मापं (कोडमधली चिन्हं आणि नावं मोजणारी) एकत्र घोटून १०० पैकी गुण. २० च्या वर मिळाले की ए. आमच्या शाळेत हा नियम असता तर! वर कॉमेंट वाढवल्या की गुण वाढतात. महिनाभरात बघणं सोडलं.

या सगळ्यात सर्वाधिक कामी आलेली गोष्ट कुठल्याच साधनात तयार नव्हती. गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगमधून दोन वर्षांत कुठली फाइल किती वेळा बदलली ते काढलं आणि रेडॉनच्या आकड्याशेजारी मांडलं. एफ श्रेणीची आमच्याकडे सात फंक्शनं. त्यातल्या चारांना दोन वर्षांत कुणी शिवलेलंच नाही. ती तशीच राहू दिली. दराची फाइल ४३ वेळा बदललेली होती. कुठून सुरू करायचं यावर पुढे चर्चा झाली नाही.

फोडाफोडीआधी जाळं विणलं. फंक्शन बरोबर आहे का हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण आज ते काय उत्तर देतं हे तर टिपून ठेवता येतं. फॅट ३.० ते १०.० म्हणजे ७१ टप्पे, एसएनएफ ७.५ ते ९.५ म्हणजे २१, गाय-म्हैस दोन, आणि दरपत्रकाचे तीन कालखंड. एकूण ८,९४६ उत्तरं. १० फॅटची गाय कुणाच्या गोठ्यात नसेल, पण कोडला काय माहीत. ती सगळी फाइलमध्ये साठवली, आणि प्रत्येक छोट्या बदलानंतर पुन्हा चालवून ताडून बघायची. पैशाचाही फरक आला की बदल मागे. पुन्हा लिहून काढायचं मनात असेल त्यांनी बाकी काही केलं नाही तरी एवढं करा.

मग काम सोपं होतं, फक्त कंटाळवाणं. चुकीची नोंद असेल तर वरच्या वर परत पाठवा, म्हणजे खालचा सगळा कोड एक पायरी डावीकडे सरकतो. पाच अटींच्या इफला नाव द्या: ‘दर्जा_कमी_आहे’. हे करताना ‘०.०००१ मिळवा’ असे अकरा फाटे सापडले. कारण शोधलं तर पायथनच. राउंड फंक्शन पायथन २ मध्ये ३२.१२५ चं ३२.१३ करायचं, पायथन ३ मध्ये ३२.१२ होतं, कारण बरोबर मध्यावरची संख्या ते जवळच्या सम अंकाकडे नेतं. भाषांतर करणाऱ्याला एक पैसा कमी दिसला, त्याने जिथे दिसला तिथे एक इफ टाकला. डेसिमल (अचूक दशांश संख्या) आणि राउंड हाफ अप (मध्यावरची संख्या नेहमी वर) वापरलं, अकराही इफ गेले.

शेवटी दराच्या पायऱ्या कोडमधून काढून तक्त्यात नेल्या. आकडा ७४ वरून ९. ऑफिसात पेढे आले, पण खरं सांगायचं तर गुंत्याचा काही भाग गेला नाही, फक्त तक्त्यात राहायला गेला. पुढच्याच दरबदलात कुणीतरी ६.५ फॅटची ओळ दोनदा भरली. रेडॉनला तक्ता दिसत नाही, त्याने शांतपणे बी दिला. तक्ता तपासणारा वेगळा कोड लिहिल्यावर कुठे झोप लागली.

आणि एक फाटा असा होता जो मला अजून आठवतो. संस्था क्रमांक १७ असेल तर एसएनएफमधून ०.१ वजा. कॉमेंट नाही, गिटमध्ये इतिहास नाही, फॉक्सप्रोपासून चालत आलेला. जाळ्याने तो जसाच्या तसा जपला असता, कारण जाळ्याला जुनं तेच बरोबर. मी निवृत्त झालेल्या आमच्या पहिल्या प्रोग्रामर काकांना फोन लावला. ते हसले. “अगं, त्या संस्थेचं मशीन एसएनएफ जास्त दाखवायचं. नवीन येईपर्यंत म्हणून मी घातलं होतं.” नवीन मशीन कधी आलं हे सचिवांना विचारलं, तर तीन वर्षांपूर्वी. तीन वर्षं त्या गावातल्या प्रत्येक उत्पादकाच्या दुधातून आम्ही ०.१ कापत होतो, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जुन्या नोंदींवरून नावनिशी फरक काढला, साहेबांपुढे ठेवला. दोन बैठका झाल्या. तो फरक दिवाळीच्या बिलात वेगळ्या ओळीत दिला गेला. त्या इफची रेडॉनमधली किंमत एक.

आता घडी अशी बसलीय: कॉम्प्लेक्सिपाय आणि रेडॉन आठवड्यातून एकदा, गिटच्या आकड्यांसोबत. झेनॉन फक्त नव्या फायलींना, सी च्या मर्यादेवर. लिझार्ड ॲपचं नवं रिलीज काढण्याआधी. दोन-चार जणांच्या टीमला एवढं पुरतं. टेस्ट आधीच भरपूर असतील तर तुम्हाला यातलं निम्मं लागणारही नाही. एकही नसेल तर साधन नंतर टाका, आधी जाळं विणा.

न शिवलेल्या चार एफ पैकी एक वर्षअखेरीच्या ऑडिटचा अहवाल छापतं, आकडा ५८. यंदा ऑडिटरने नवा नमुना मागितलाय. जाळ्यासाठी जुने छापील अहवाल गोळा करायला घेतलेत. दोन वर्षांचे मिळाले, तिसऱ्याला वाळवी लागलीय.