गल्लीतले किल्ले, सुळेभावीचा रस्ता की हलशी? पाचशे रुपयांत बेळगावचे चार रविवार

भाची महाराष्ट्रातल्या चंदगडहून बेळगावच्या उद्यमबागेत नोकरीला आली त्याला आता चार महिने झाले. खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी पाठवायची रक्कम वजा केली की महिन्याला पाचशे रुपये तिच्या हातात मोकळे राहतात. परवा घरी आली तेव्हा म्हणाली, "मावशी, रविवारी खोलीत बसून जीव नकोसा होतो. हप्त्यावर गिअरची सायकल घेऊ, का बसनंच फिरू? आणि इथं बघण्यासारखं हाय तरी काय?" तिला चित्रांची, नाटकाची, जुन्या देवळांची मनापासून ओढ आहे. मी बेळगावातल्याच शहापुरात वाढले, आणि गेली आठ वर्षं सुटीच्या दिवशी सायकल काढते. तिला जे सांगितलं तेच इथं नीट मांडते. तिच्यासारखी नव्यानं बेळगावात आलेली पुष्कळ मुलं-मुली आहेत, आणि ती रविवार मोबाईलवर घालवतात याचं मला वाईट वाटतं.

आधी सायकल की बस

हप्त्यावर सायकल घेऊ नको, हे तिला पहिल्यांदा सांगितलं. पाचशेचे पाचशे हप्त्यात गेले तर सायकलवर बसून जायचं कुठं आणि खायचं काय? बेळगावात जवळजवळ प्रत्येक जिन्याखाली एक सायकल धूळ खात उभी असते. मुलगा इंजिनिअरिंगला गेला की ती तशीच राहते. ओळखीच्या घरी विचारावं. मी माझ्या भावाची अशीच बाहेर काढली होती: दोन ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन धुऊन तेल, चाकातला वाकडेपणा काढणं, सगळं मिळून ६५० रुपये झाले. म्हणजे तिचा सव्वा महिना. जुनी सायकल घेताना रंगाकडे बघू नये. चाक उचलून फिरवावं आणि ते डुलतं का ते बघावं. फ्रेमच्या जोडावर तडा आहे का, टायरच्या बाजूंना भेगा पडल्यात का, पायडल उलटं फिरवल्यावर आतून छर्रे कुरकुरतात का, एवढं तपासलं की पुरे.

गिअर हवेत की नकोत, हे तुम्ही कुठल्या दिशेला जाणार यावर ठरतं. शहराच्या पूर्वेला काळी जमीन आहे, सांबऱ्याकडचा रस्ता बराचसा सपाट आहे. तिथं साधी सायकल उत्तम चालते. पश्चिमेला आणि दक्षिणेला लाल माती आणि चढउतार. तिकडं गिअर नसले तर उतरून सायकल ढकलायची तयारी ठेवावी. मी ढकलत नेते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

बसच्या बाबतीत मात्र आमच्या दोघींचा हिशेब वेगळा निघाला. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या रहिवासी बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही. माझ्या आधारवर बेळगावचा पत्ता आहे, म्हणून मला गोकाकपर्यंत जाऊन यायला एक रुपया पडत नाही. भाचीचं आधार चंदगडचं, तिला पूर्ण तिकीट. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरती. सीमाभागात राहणाऱ्या बाईनं पैशाचं गणित मांडताना आधी आपल्या आधारवरचा पत्ता बघावा. माझ्यासारखीला लांबची बस परवडते, तिच्यासारखीला जवळची सायकल.

शहरातल्या शहरात

हा सगळ्यांत स्वस्त पर्याय, आणि बेळगावकरच त्याला सगळ्यांत कमी किंमत देतात.

किल्ल्यातली कमल बस्ती बघायला पैसे लागत नाहीत. रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं हे जैन मंदिर. आत नेमिनाथांची मूर्ती आहे, पण मी जाते ती छतासाठी. मंडपात मधोमध उभं राहून मान वर केली की दगडात उमललेलं कमळ खाली लोंबतं. सकाळी आठ-साडेआठला गेलात तर मंडपात थंडावा असतो आणि कुणी घाई करत नाही. तिथून कॅम्पातल्या झाडांच्या सावलीतून टिळकवाडीपर्यंत यावं, व्हॅक्सिन डेपोच्या आवारात जरा टेकावं, मग काँग्रेस विहीर आणि वीरसौध. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं १९२४ चं अधिवेशन इथंच भरलं होतं. हा सगळा फेरा साध्या सायकलवर निवांत होतो, आणि खर्च फक्त चहाचा.

पण शहरातली माझी सगळ्यांत आवडती कला वर्षातून आठ-दहा दिवसच दिसते. दिवाळीत पोरांनी केलेले किल्ले. बाहेरच्या लोकांना हे सांगून कळत नाही. गल्लीतली दहा-बारा वर्षांची पोरं सहामाही परीक्षा संपली की दगड, विटा, लाल माती गोळा करायला लागतात. पोती चिखलात बुडवून डोंगराच्या कडा करतात, त्यावर मोहरी पेरतात, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत त्या कड्यांवर खरोखरचं हिरवं उगवलेलं असतं. राजगडाच्या तिन्ही माच्या, प्रतापगडाचा बुरूज, सिंधुदुर्गाभोवती पाणी. तुम्ही सायकल टेकवून उभे राहिलात की एक पोरगं काठी घेऊन पुढं येतं, "माहिती सांगू का?" म्हणतं आणि एका दमात सगळा इतिहास म्हणून दाखवतं. मध्ये अडखळलं तर धाकटी बहीण पुढचं वाक्य पुरवते. शहापूर, वडगाव, अनगोळ, तिथून चव्हाट गल्ली, कोनवाळ गल्ली, असा एका संध्याकाळचा फेरा सायकलवरच जमतो. गाडी घेऊन गेलात तर लावायला जागा मिळत नाही, चालत गेलात तर दोनच गल्ल्या होतात. सोबत वीस-तीस रुपयांचे सुटे ठेवावेत आणि जे पोरगं मनापासून सांगतं त्याच्या हातावर खाऊला काहीतरी द्यावं.

गणपतीच्या आधी महिनाभर मूर्तिकारांच्या शेडमध्ये डोकावता येतं, तेही असंच फुकट. डोळे आखण्याचं काम शेवटी होतं, त्या दिवसांत जावं आणि कडेला गप्प उभं राहावं. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक मात्र सायकलीसाठी नाही. रात्रभर सजीव देखावे चालू असतात आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा सायकल घरी. १ नोव्हेंबरलाही शहरात फिरायचा बेत करू नये. सीमाभागात सायकल फेरी म्हटलं की बेळगाव कर्नाटकात घातल्याबद्दलची त्या दिवसाची निषेध फेरी आधी आठवते, आणि त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही असते. बरेच रस्ते भरलेले असतात.

जवळची गावं

शहराबाहेर पडायचं तर पहिली निवड पूर्व की पश्चिम अशी. पायांना सवय नसेल तर मी पूर्व सांगेन. सांबऱ्यावरून पुढं सुळेभावी. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली याच गावात झाला. तिथं मोठं संग्रहालय वगैरे असेल या आशेनं जाऊ नका. शेतं, विणकरांच्या घरातून येणारा मागाचा आवाज आणि हिवाळ्यातलं सकाळचं ऊन एवढंच आहे. ज्याला त्यांचं गाणं माहीत आहे त्याला एवढं पुरतं. मी दर वर्षी एकदा जाते.

पश्चिमेला उचगाव, बेळगुंदी, पुढं राकसकोप. वाट जास्त देखणी आहे. लाल मातीत रताळ्याचे वेल, काजूची झाडं, मधेच सीमा ओलांडून तुडये लागतं आणि पाट्यांवरची लिपी बदलते. पण चढ आहेत, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट छातीवर येतो. जाताना दमलात तरी परतताना तोच वारा पाठीला लागतो, म्हणून सकाळी ताज्या पायांनी पश्चिमेला जावं. बेळगुंदीच्या अलीकडं माझं मागचं चाक बसलं होतं आणि तीन किलोमीटर चालत जावं लागलं. तेव्हापासून हातपंप आणि एक जादा ट्यूब पिशवीत असतेच. पंक्चर काढायला शिकणं ही या सगळ्या छंदातली सगळ्यांत जास्त पैसे वाचवणारी गोष्ट आहे.

दक्षिणेला येळ्ळूर आणि वर राजहंसगड. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, शेवटचा चढ खडा. २०२३ साली वर शिवरायांचा भव्य पुतळा उभा राहिला, त्यामुळे रविवारी दुपारी गाड्यांची गर्दी असते. सायकलवाल्यांनी उजाडता पोचावं आणि नऊच्या आत उतरावं. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबावेत. जुन्या सायकलचे ब्रेक तिथंच खरे कळतात.

या गावांना जायचं खरं निमित्त मात्र रस्ता नव्हे, संमेलनं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, ही सगळी गावं थंडीच्या दिवसांत आपापलं मराठी साहित्य संमेलन भरवतात, बहुधा रविवारी. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका. मग भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. प्रवेशाला पैसे नाहीत आणि दुपारी गाव जेवू घालतं. "जेवल्याशिवाय जायचं न्हाई बघा," असं अनोळखी आजीनं हात धरून मला सांगितलंय. शहरात नाटकाच्या एका तिकिटाला जे पैसे पडतात तेवढ्यात इथं पाच संमेलनं होतात. भाषणं लांबतात हे खरं. कथाकथनाची वेळ विचारून घ्यावी आणि त्या आधी अर्धा तास पोचावं. ग्रंथदिंडी चुकवू नये, म्हणजे सायकलवर सातलाच निघायला हवं. जत्रेतली नाटकं याहूनही रंगतात, पण ती रात्रभर चालतात, आणि अंधारात त्या रस्त्यांवरून एकटीनं सायकलनं परतायला मी भाचीला सांगणार नाही. त्यासाठी गावात ओळखीचं घर हवं.

हलशी

चारांतला एकच रविवार निवडायचा असेल आणि अंगात बळ असेल, तर माझं मत हलशीला. खर्च थोडा जास्त, पण मिळतं त्याला तोड नाही.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळचं. एकाच देवळात दोन गाभारे, समोरासमोर. एकीकडं नरसिंह बसलेला, दुसरीकडं भूदेवीला उचलून धरणारा वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की दोघांची नजर तुमच्यावरून आरपार जाते. पहिल्या वेळी मी तिथं बराच वेळ नुसती उभी होते. आसपास कल्मेश्वर, सुवर्णेश्वर अशी आणखी जुनी देवळं विखुरलेली आहेत. तिकीट कुठंच नाही. वही-पेन्सिल घेऊन खांबाची नक्षी उतरवत बसलात तर गावातली पोरं बाजूला येऊन बसतात.

अडचण आहे ती अंतराची. बेळगावहून खानापूर सव्वीस किलोमीटर, तिथून नंदगडावरून हलशी आणखी चौदा-पंधरा. सायकलवर जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर होतात, आणि परतताना बेळगावकडं चढ लागतो. शिवाय खानापूरपर्यंतचा गोव्याचा महामार्ग चौपदरी आहे आणि त्यावर ट्रक भरधाव जातात. नव्यानं सायकल चालवणाऱ्यानं हे करू नये. भाचीनं सकाळच्या पॅसेंजरनं खानापूर आणि तिथून बसनं हलशी गाठावी. जेवणासकट दोनशेच्या आत होतं. सायकल रेल्वेनं न्यायची तर पार्सलमध्ये बुक करावी लागते आणि गाडी छोट्या स्टेशनवर फार थांबत नाही, एका दिवसासाठी ती खटपट नको. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा खानापुरात आत्तेबहिणीकडं मुक्काम केला आणि तिच्या दिराची सायकल घेऊन पुढं गेले. तेच सगळ्यांत चांगलं जमलं. नंदगडला थांबता आलं, जिथं इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळी रायण्णांना १८३१ साली फाशी दिली गेली. परतताना खानापुरात कुंभारांची कामं बघितली. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेली. चाकावर मडकं वर येताना बघायला कुणी पैसे घेत नाही, पण निघताना चाळीस-पन्नास रुपयांची पणती किंवा सुगड विकत घ्यावं. त्यांचा वेळ आपण घेतलेला असतो.

जून ते सप्टेंबर इकडं पाऊस कोसळतो, तेव्हा हलशी टाळून गोकाक धरावं. ती बाजू कोरडी, आणि घटप्रभेचा धबधबा नेमका तेव्हाच भरलेला असतो. गोकाकची रंगवलेली लाकडी फळं-भाज्या खेळणी म्हणून बनतात. खरं वांगं कुठलं आणि लाकडाचं कुठलं हे हातात घेतल्यावर कळतं. अंतर साठ किलोमीटरच्या वर, म्हणजे बसच. माझ्यासाठी फुकट, भाचीसाठी महिन्याच्या पैशातला मोठा घास. निपाणी-अथणीकडं कोल्हापुरी चपला घडताना बघायलाही असंच बसनं जावं लागेल. चपलांना २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. पण चप्पल घ्यायची असेल तरच तिथवर जाण्यात अर्थ आहे.

भाचीला मी असं बांधून दिलंय: पहिला रविवार शहरातला फेरा, दुसरा सुळेभावी, तिसरा ज्या गावात संमेलन असेल ते, आणि पाचशेतले उरलेले जपून चौथ्याला रेल्वेनं हलशी. सायकल आमच्या जिन्याखालची. परवा ती तिन्हीसांजेला आली, दोन्ही चाकांत हवा भरून बघितली आणि म्हणाली, "मागचं हळूहळू बसतंय गं, मावशी." वॉल्व्हवर थुंकी लावून बघितलं तर बुडबुडा आला. तेवढा वॉल्व्ह बदलला की सायकल तयार.