मिश्र कुरणातील गवत आणि शेंगावर्गीय चारा: अन्नद्रव्यांची ओढाताण

उष्णकटिबंधीय कुरणात गिनी गवत आणि शेंगावर्गीय चारा शेजारी वाढत असताना पालाशाच्या (पोटॅशियमच्या) बाबतीत बहुधा गवतच बाजी मारते, कारण त्याची दाट तंतुमुळे मातीचा वरचा थर अक्षरशः विणून काढतात आणि शेजारच्या विरळ सोटमुळाला तिथे फारसे काही उरत नाही. नत्राचे गणित मात्र निराळे आहे. शेंगावर्गीय मुळावरची गाठ नखाने फोडल्यावर आतून गुलाबी दिसली, की ती हवेतील नत्र स्थिर करत आहे असे समजावे. या कामाला स्फुरद (फॉस्फरस) आणि किंचित मॉलिब्डेनम लागतेच. म्हणूनच अशा कुरणात सढळ हाताने युरिया टाकणे मला पटत नाही, कारण त्याने गवत फोफावते आणि शेंगावर्गीय झाडे सावलीत दबतात. स्फुरद दिल्यास पारडे त्यांच्याकडे झुकू शकते. स्टायलो हा शेंगावर्गीय चारा तर स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही तग धरतो.