पणजीतली रेडियल कार्यशाळा: मॅनिफोल्डला पैकीच्या पैकी, बँडला निम्मे गुण

डीएम कार्डिओलॉजीच्या, म्हणजे हृदयरोगाच्या अतिविशेष पदवीच्या, विद्यार्थ्यांसाठी पणजीत दोन दिवसांची कार्यशाळा झाली. विषय एकच: मनगटातल्या रेडियल धमनीतून अँजिओग्राफी, म्हणजे नळी हृदयापर्यंत नेऊन त्याच्या धमन्यांचं एक्स-रे चित्र घेणं. स्टेंटच्या मागे न धावता एवढंच धरलं, हे उत्तम केलं. काणकोण किंवा पेडण्याहून हार्ट अटॅकचा रुग्ण रात्री बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पोचतो तेव्हा नवख्या हाताला शिकायला सवड नसते.

पंक्चरचं, म्हणजे धमनीत सुई घालण्याचं, टेबल चांगलं होतं. सिलिकॉनच्या हातात पंपाने लाल पाणी खेळवलेलं, नाडी बोटाला नीट लागते. मनगटाच्या हाडाच्या टोकापासून 2 सेंटिमीटर वर, 30 ते 45 अंशांत सुई. कॅन्युला (सुईवरची प्लॅस्टिकची नळी) वापरली तर धमनीची मागची भिंतही ओलांडायची, सुई काढायची, कॅन्युला हळूहळू मागे घ्यायची आणि रक्ताची धार उडाली की तिच्यातून बारीक वायर आत. धार येते पण वायर अडते, तिथे बहुतेक जण जोर लावतात. शिक्षकांनी प्रत्येकाचा हात नेमका तिथेच थांबवला. सिलिकॉनला स्पॅझम, म्हणजे धमनीचं आकुंचन, मात्र येत नाही. खऱ्या धमनीत कॅथेटर (हृदयापर्यंत जाणारी नळी) जखडतो तेव्हा धमनी सैल करणारं नायट्रोग्लिसरीन 100 ते 200 मायक्रोग्रॅम, थोडी गुंगी आणि धीर लागतो. हे फक्त तोंडी सांगितलं.

सगळ्यात मोलाचं टेबल सगळ्यात स्वस्त होतं: मॅनिफोल्ड (नळ्या जोडायची तोट्यांची पट्टी), दोन नळ्या, एक सिरिंज, प्रेशरचा पडदा. सिरिंजचा दांडा वर आणि तोंड खाली धरायचं, म्हणजे बुडबुडा दांड्याकडे चढतो, कोरोनरीत (हृदयाच्या धमनीत) जात नाही. कॅथेटर जोडताना आधी रक्त उलटं येऊ द्यायचं. मग टोक ऑस्टियममध्ये (कोरोनरीच्या तोंडात) बसलं की प्रेशरची लाट बघायची. लाट चपटी झाली तर टोक भिंतीला टेकलंय किंवा ऑस्टियमच अरुंद आहे. अशा वेळी डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडला तर डिसेक्शन, म्हणजे धमनीचं अस्तर फाटणं, होऊ शकतं. शिक्षक मुद्दाम लाट चपटी करत आणि हात डायकडे जातो की कॅथेटर मागे घेतो, ते बघत. हा सराव प्रत्येकी 20 वेळा तरी हवा.

महागड्या सिम्युलेटरपुढे रांग लांब होती. उजव्या मनगटातून डाव्या कोरोनरीसाठी जडकिन्स लेफ्ट कॅथेटरचा 4 ऐवजी 3.5 आकार का बरा, हे त्यावर छान कळतं. पण त्यातून किरण निघत नाहीत, त्यामुळे पाय एक्स-रेच्या पेडलवरून उठतच नव्हता. फ्लोरोची, म्हणजे सलग एक्स-रेची, वेळ यंत्र मोजत होतं, ती कुणी वाचून दाखवली नाही. सेकंदाला 15 ऐवजी 7.5 फ्रेम ठेवल्या तर किरणांचा डोस साधारण निम्मा होतो, हे तिथेच सांगायला हवं होतं.

बँडला, म्हणजे शेवटी मनगटावर बांधून हवेने धमनी दाबणाऱ्या पट्ट्याला, शेवटची 15 मिनिटं मिळाली. फार कमी. हवा भरून शीथ (धमनीत ठेवलेली छोटी नळी) काढायचा, हवा हळूहळू सोडायची, रक्त झिरपलं की 1 ते 2 मिलिलिटर परत भरायची. नंतर अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून अल्नर (मनगटातली दुसरी धमनी) दाबायची: लाट टिकली तर रेडियल वाहतेय. बँड घट्ट बांधून ठेवला की धमनी बंद पडू शकते; मग हात ठणठणीत दिसतो आणि पुढच्या वेळी ती वाट मिळत नाही. बायपासमध्ये ग्राफ्ट म्हणून, म्हणजे नवी वाट जोडायलाही, ती उरत नाही.

डीएमच्या पहिल्या वर्षाने जरूर जावं. पुढच्या खेपेला वॉर्डातल्या नर्सनाही बोलवा. रात्री बँडमधली हवा त्याच सोडतात.