पायडल असिस्ट बंद पडलंय? कंट्रोलर बदलण्याआधी पौड रस्त्याच्या गल्लीतलं हे दुकान गाठा

पाटीवर कुठेही 'ई-बाईक' लिहिलेलं नाही. बाहेर लहान मुलांच्या सायकली टांगलेल्या, दारात पंक्चर शोधायचं घमेलं, आत जुन्या टायरांचा ढीग. पण मागच्या चाकात मोटर असलेली सायकल असेल आणि तिचं पायडल असिस्ट, म्हणजे पायडल मारताना मोटरची मिळणारी मदत, गेलं असेल, तर कोथरूड-बावधनच्या कुणालाही मी आधी इथेच पाठवेन.

माझी सायकल साधीच आहे. 250 वॅटची हब मोटर, 36 व्होल्टची बॅटरी. शाळेतून घरी येताना चांदणी चौकाचा चढ लागतो आणि माझे गुडघे पन्नाशी ओलांडलेले. असिस्ट असलं तर चढ कळतही नाही. नसलं तर बॅटरी-मोटरसकट ते धूड आपणच ओढायचं. पावसाळ्यात असिस्ट मध्येच तुटायला लागलं, हिसका देऊन परत यायचं. मग बंदच पडलं. डिस्प्ले चालू, बॅटरी भरलेली, लेव्हल पाचवर, मी पायडल मारतेय आणि मोटर ढिम्म.

ज्या कंपनीची सायकल, त्यांच्या सर्व्हिस सेंटरने फोनवरच निकाल दिला: "कंट्रोलर गेलाय मॅडम, साडेचार हजार होतील." कंट्रोलर म्हणजे मोटरला वीज कधी, किती सोडायची ते ठरवणारा डबा. सायकल बघायचीही गरज वाटली नाही!

इथल्या दादांचा पहिला प्रश्न होता, "ताई, थ्रॉटलवर चालते का?" थ्रॉटल म्हणजे हँडलवरची मूठ, ती पिळली की पायडल न मारताही मोटर फिरते. तशी चालत होती. "मग कंट्रोलरचं शेवटी बघू." थ्रॉटल पिळल्यावर मोटर फिरते, म्हणजे बॅटरी आणि मोटर ठीक, कंट्रोलरही बहुधा ठीक. ब्रेकच्या लिव्हरमधला कटऑफ (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच) अडकला असता तर थ्रॉटलवरही मोटर फिरली नसती. तरी त्यांनी मागचं चाक उचलून थ्रॉटल दिलं आणि दोन्ही लिव्हर एकेक दाबून मोटर थांबते का ते पाहिलं. मग मोर्चा पायडलकडे.

तिथे क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याच्या, मागे एक्सलवर प्लास्टिकची चकती असते, तिच्यात गोल ओळीने लोहचुंबक बसवलेले. शेजारी फ्रेमला चिकटून छोटा सेन्सर. चकती फिरली की प्रत्येक चुंबक सेन्सरसमोरून जातो, तसा कंट्रोलरला सिग्नल पोचतो: बाई पायडल मारताहेत, मोटर सोडा. मी किती जोर लावते याच्याशी त्याला देणंघेणं नाही, पाय फिरताहेत एवढंच त्याला कळतं.

आधी त्यांनी सेन्सरची जोडणी उघडली. पितळी पिनांवर हिरवट थर धरला होता, तो स्प्रे मारून साफ केला. तरी मोटर हलेना. मग मीटर काढला. लाल-काळ्या वायरवर 5 व्होल्ट बरोबर येत होते, पण सिग्नलच्या वायरवर क्रँक फिरवूनही आकडा जागचा हलत नव्हता. मी म्हटलं, गेला सेन्सर. दादांनी काही न बोलता अंगठ्याने चकती आत रेटली, तशीच धरून क्रँक फिरवला, आणि मीटरवर शून्य-पाच, शून्य-पाच सुरू झालं. सेन्सर धडधाकट होता. चकतीच्या आतले दात झिजल्यामुळे ती एक्सलवर सरकून लांब गेली होती. दोघांत दोन-तीन मिलिमीटरच अंतर लागतं, इथे बोट जाईल एवढी फट पडली होती.

मग क्रँक पुलर लावून क्रँक काढला आणि नवी चकती बसवली. तीही नीट निरखून, कारण तिला सुलटी-उलटी बाजू असते. उलटी बसली तर मागे पायडल मारल्यावर मोटर धावते म्हणे. चकती सेन्सरसोबत सेटमध्येच मिळते, त्यामुळे नवा सेन्सर त्यांनी पिशवीत घालून माझ्याच हातात दिला, "राहू दे, कधी लागला तर." सगळे मिळून सहाशे रुपये.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. बसायला एक स्टूल, त्यावरही बहुतेक वेळा कुणाची तरी ट्यूब. सायकल दुसऱ्या दिवशी देतो म्हणाले आणि दिली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तीही चेनकव्हर घासत असलेली. ते सरळ करायला परत जावं लागलं. पक्कं बिल मिळत नाही, म्हणजे वॉरंटीचा विषयच संपला. तुमची सायकल अजून वॉरंटीत असेल तर कुणालाही वायरिंग उघडू देण्याआधी कंपनीशी बोला. आणि मोटर पायडलपाशीच असलेल्या महागड्या सायकली इथे घेत नाहीत, बॅटरी तर उघडतच नाहीत. दोन्ही नकार मला पटले.

जायचं असेल तर दुपारी जा, सकाळी पंक्चरवाल्यांची रांग असते. बॅटरी चार्ज करून न्या आणि किल्ली विसरू नका. किल्लीवाचून सायकल चालू होणार नाही आणि दादा तुम्हाला घरी परत पाठवतील.