२४ पिनचा जाडा कनेक्टर की आटोपशीर छोटा? सांगली-साताऱ्यात पीसी घेण्याआधी

दुकानासाठी, ऑफिससाठी किंवा घरच्या एडिटिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे दोन वाटा समोर येतात. एक तर सुटं सामान घेऊन मशीन असेंबल करून घ्यायचं, नाहीतर मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला ब्रँडेड रिफर्बिश्ड डबा उचलायचा. तुलना होते ती प्रोसेसर, रॅम आणि किमतीची. झाकण उघडून आतले कनेक्टर बघायला सहसा कुणी सांगत नाही. पण चार वर्षांनी मशीन बंद पडलं की ते त्याच दिवशी सुरू होणार की आठवडाभर अडकून पडणार, हे बऱ्याचदा त्या कनेक्टरवरच ठरतं.

असेंबल मशीनमध्ये एसएमपीएसमधून (वीजपुरवठा करणाऱ्या डब्यातून) मदरबोर्डला जाणारी मुख्य केबल २४ पिनची असते. १९९५ साली एटीएक्स हे पीसीच्या रचनेचं प्रमाण आलं तेव्हा ती २० पिनची होती, २००३ साली चार पिन वाढल्या. दोन पिनांमधलं अंतर ४.२ मिलिमीटर, त्यामुळे नुसता कनेक्टरच ५ सेंटिमीटर लांब होतो, आणि मागे येणारा वायरचा जुडगा अंगठ्याएवढा जाड. लहान कॅबिनेटमध्ये तो वळवताना नाकी नऊ येतात, हे खरंच आहे.

एवढ्या पिन कशाला, तर त्या काळी बोर्डला ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट भरपूर लागायचे. आजही त्या कनेक्टरमध्ये ३.३ च्या चार वायरी आहेत, ५ च्या पाच, काळ्या अर्थिंगच्या आठ आणि १२ व्होल्टच्या फक्त दोन. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जवळजवळ सगळं काम १२ व्होल्टवर करतात. म्हणजे सर्वांत जाड्या केबलमध्ये सर्वांत जास्त लागणाऱ्या व्होल्टेजला सर्वांत कमी जागा आहे. म्हणून तर प्रोसेसरसाठी वेगळी ४+४ पिनची आणि कार्डसाठी आणखी एक केबल टाकावी लागते. या रचनेवर टीका होते ती रास्तच आहे.

त्यावर तोड म्हणून इंटेलने २०२० च्या सुमारास एटीएक्स१२व्हीओ ही पद्धत पुढे आणली. त्यात एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो, बाकीची व्होल्टेज बोर्ड स्वतः तयार करतो, आणि मुख्य कनेक्टर १० पिनचा, म्हणजे जेमतेम २ सेंटिमीटरचा. कल्पना उत्तम आहे. पण सुट्या बाजारात असे बोर्ड आणि एसएमपीएस फारसे आलेच नाहीत. छोटा कनेक्टर प्रत्यक्षात भेटतो तो ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये, आणि तिथे प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. कुठे ६ पिन, कुठे ८, कुठे १०, कुठे १४. पिनांची संख्या सारखी असली तरी आतली जोडणी सारखी असेलच असं नाही. एसएमपीएसचा डबासुद्धा बऱ्याचदा वेगळ्या मापाचा असतो, स्क्रूची भोकं जुळत नाहीत.

बंद पडल्यावर काय होतं

समजा, महिन्याची २० तारीख आहे, जीएसटीचं रिटर्न भरायचंय आणि मशीन सुरू होत नाही. २४ पिनवाल्या मशीनचा एसएमपीएस तपासायला मल्टिमीटर आणि वायरचा एक तुकडा पुरतो. केबल बोर्डवरून काढायची. वीज सुरू ठेवून जांभळी आणि काळी वायर मोजायची, तिथे ५ व्होल्ट आले म्हणजे स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) जिवंत आहे. मग वीज बंद करून हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडायची (तिच्या दोन्ही बाजूंना काळ्याच असतात) आणि वीज सुरू करायची. पंखा फिरला की पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ आणि नारंगी ३.१४ ते ३.४७ च्या आत आहे का ते बघायचं. आकडे बाहेर गेले तर एसएमपीएस बदलायचा, आणि तो विश्रामबागेत, मिरजेत, कराडला किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, कुठेही त्याच दिवशी मिळतो. अशी चाचणी पास झाली तरी लोड आल्यावर व्होल्टेज पडू शकतं, म्हणून शंका राहिली तर दुसरा चालू एसएमपीएस लावून बघावा. तो लावता येतो, हेच तर या जाड्या कनेक्टरचं बळ.

ब्रँडेड डब्यात हे सगळं अडतं. नेमका तोच पार्ट नंबर शोधा, पुण्याला तपकीर गल्लीत फोन करा किंवा ऑनलाइन मागवा, आणि येणारा पार्टही वापरलेलाच असण्याची शक्यता मोठी. २४ पिनवरून ८ किंवा १० पिनवर आणणारे अडॅप्टर मिळतात, पण ते घेताना एक गोष्ट बघायलाच हवी. ज्या बोर्डला स्टँडबायलाही १२ व्होल्टच्या आसपास लागतात, त्याला साध्या एसएमपीएसचे ५ व्होल्ट पुरत नाहीत. अशा बोर्डसाठी व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असलेलाच अडॅप्टर हवा. नुसत्या वायरी जोडलेला अडॅप्टर लावला तर मशीन सुरूच होत नाही, आणि दोष मात्र बोर्डवर जातो.

बिलिंग, टॅली, शाळेचं ऑफिस अशा कामाला रिफर्बिश्ड डबा वाईट नाही. वीज कमी खातो, टेबलावर जागा कमी घेतो. पण एकसारखे तीन-चार डबे एकदम घेणार असाल तरच घ्या, आणि त्याच वेळी त्याच मॉडेलचा एक जादा एसएमपीएस घेऊन ठेवा. एकच मशीन, तेही रोजच्या धंद्याचं, असेल तर २४ पिनवालं घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

लावताना नेमकं काय बिघडतं

स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्ड रुंदीला कमी असतात. २४ पिनचा सॉकेट उजव्या कडेला, आणि त्या कडेखाली बहुतेक वेळा स्क्रूच नसतो, बोर्ड अधांतरी असतो. कनेक्टर दाबायला जोर लागतो, कारण चोवीस टर्मिनल एकदम बसवायचे असतात. बोर्ड खाली वाकतो आणि सोल्डरला किंवा आतल्या ट्रॅकला बारीक तडा जाऊ शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही. काही महिन्यांनी मशीन मधूनच बंद पडायला लागतं, हात लावला की सुरू होतं. त्यामुळे अशा बोर्डवर केबल कॅबिनेटबाहेरच, बोर्ड सपाट टेबलावर असताना एकदा बसवून-काढून बघावी. कॅबिनेटमध्ये बसवताना बोर्डच्या कडेखाली दोन बोटं टेकवावी. दोन्ही टोकांना आलटून पालटून दाबू नये, मधोमध सरळ दाब द्यावा. लॉकची पट्टी सॉकेटच्या ओठावर अडकल्याचा टक्क आवाज आला पाहिजे. काढताना पट्टी पूर्ण दाबून कनेक्टर धरून ओढायचा, वायर धरून नाही.

प्रोसेसरची ४+४ आणि कार्डची ६+२ केबल दिसायला जुळ्या बहिणींसारख्या असतात. पण प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये चार पिनांवर १२ व्होल्ट आणि चारांवर अर्थिंग, तर कार्डच्या कनेक्टरमध्ये तीन १२ व्होल्ट आणि पाच अर्थिंग असतात. प्लास्टिकचे आकार वेगळे ठेवलेत ते म्हणूनच. जोर लावून बसवलं तर सरळ शॉर्ट. बसत नसेल तर थांबून केबलवरचं नाव वाचा.

मॉड्युलर एसएमपीएसमध्ये, म्हणजे ज्याच्या केबल दोन्ही बाजूंनी सुट्या होतात त्यात, यापेक्षा मोठा धोका आहे. बोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. जुन्या एसएमपीएसच्या केबल तशाच ठेवून नवा एसएमपीएस जोडला की ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊ शकतात आणि हार्ड डिस्क तिथेच संपते, आतल्या दहा वर्षांच्या फोटोंसकट. एसएमपीएस बदलला की केबलही सगळ्या बदला. यात तडजोड नको.

ग्राफिक्स कार्ड: ८ पिन की १६ पिन

लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग, फ्लेक्सचं डिझाइन, आर्किटेक्टचं रेंडरिंग या कामांसाठी कार्ड घेताना आता हाही प्रश्न येतो. जुना ८ पिनचा कनेक्टर १५० वॅटचा आहे. म्हणजे १२.५ अँपियर, तीन वायरींत वाटले की दर पिनला ४.२. त्यातलं चांगलं टर्मिनल ८ अँपियरच्या आसपास सहज झेपवतं. जवळजवळ दुप्पट राखीव ताकद.

नवा १६ पिनचा कनेक्टर २०२२ साली आला. त्यात वीज वाहणाऱ्या १२ पिन, बाकी चार बारीक संदेशवाहक, पिनांमधलं अंतर ३ मिलिमीटर आणि क्षमता ६०० वॅट. ५० अँपियर सहा पिनांत वाटले की ८.३ होतात, आणि पिनची क्षमता ९.५ च्या जवळपास. राखीव ताकद फारच थोडी उरते. एखादी पिन नीट टेकली नाही की तिचा भार उरलेल्यांवर जातो. त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० ची काही कार्डं या जागी वितळली. कनेक्टर पूर्ण न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. पुढे २०२३ मध्ये १२व्ही-२x६ नावाने सुधारित रूप आलं. त्यात संदेशवाहक पिन आखूड केल्या, म्हणजे कनेक्टर अर्धवट बसला तर कार्ड पूर्ण वीज मागतच नाही.

घाबरून जायचं मात्र कारण नाही. कार्ड ३०० वॅटचं असेल तर १६ पिनमध्येही दर पिनला ४.२ अँपियरच जातात, म्हणजे पूर्ण भारातल्या ८ पिनइतकेच. खरी काळजी ४५० वॅटच्या पुढे. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड आहे, त्याला बहुतेक कंपन्या एकच ८ पिन देतात आणि ते पुरून उरतं. एकाच कार्डाचे दोन्ही प्रकार समोर असतील तर ८ पिनचं घ्या. १६ पिनचं घ्यायचंच असेल तर तीच केबल सोबत देणारा एसएमपीएस घ्या, जोडकाम असलेला अडॅप्टर शक्यतो टाळा. कनेक्टर बसवल्यावर बाजूने बॅटरी मारून बघा, फट दिसता कामा नये. पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवा. अरुंद कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल तर कॅबिनेट बदला, केबल मुरगाळू नका.

उरलेल्या केबल

पुढच्या यूएसबी ३.० पोर्टचा १९ पिनचा कनेक्टर हा सगळ्यांत त्रासदायक. केबल ताठ, ठोकळा मोठा, पिन मात्र केसासारख्या. हलवून हलवून काढला तर बोर्डवरचं प्लास्टिकच पिनांसकट उपटून येतं. कार्ड बसवण्याआधीच तो लावावा, आणि काढताना सरळ वर उचलावा. टाइप-सीचा नवा कनेक्टर याच्या निम्म्याहून लहान आहे आणि घट्ट बसतो. बोर्ड आणि कॅबिनेट दोन्हींवर तो असेल तर तो प्रकार निवडण्यासारखा आहे.

हार्ड डिस्कसाठी मोलेक्स (जुना चार पिनचा) ते साटा (डिस्कचा चपटा) कनेक्टर जोडणारी केबल लागली तर मोल्डेड, म्हणजे वायरीभोवती एकसंध प्लास्टिक ओतलेली, घेऊ नका. आत वायरी जवळ सरकून शॉर्ट होतात आणि आग लागते. मागे वेगळं झाकण असलेली, वायरी एकेक करून दाबून बसवलेली दिसते, ती घ्या. नवं मशीन असेल तर थेट बोर्डवर बसणारी एम.२ एसएसडीच घालावी, दोन केबल मुळातच वाचतात.

धूळ आणि ओल

मार्केट यार्डात हळदीची भुकटी, कुपवाडच्या एमआयडीसीत लोखंडाचा कीस, साताऱ्याकडे पावसाळाभर ओल. मोठ्या कनेक्टरमध्ये टर्मिनलची पकड जास्त, ते साफ करायलाही सोपे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो, पूर्ण वाळल्याशिवाय मात्र लावायचे नाहीत. बारीक पिचच्या (पिनांमधलं अंतर कमी असलेल्या) कनेक्टरमध्ये ब्रशचे केस पोचतच नाहीत. कृष्णाकाठच्या तळमजल्यांना २०१९ आणि २०२१ चे पूर ठाऊक आहेत. अशा पाण्यात गेलेल्या मशीनचे कनेक्टर वरून स्वच्छ दिसले तरी टर्मिनलवर हिरवट थर असेल तर केबल फेकून द्या, कारण तिथे विरोध वाढतो आणि उष्णता धरते. पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकवर एखाद्या पिनभोवती तपकिरी डाग दिसला, तर ती पिन तापते आहे असं समजा. २४ पिनमध्ये असा डाग बहुधा दोन पिवळ्या वायरींपाशी सापडतो. तेव्हा नुसती केबल बदलून भागत नाही, बोर्डवरचा सॉकेटही तपासून घ्या, कारण त्यातली सैल झालेली पिन नव्या केबललाही तशीच जाळते.