गणित टाइप करताना समोर निकाल हवा: ओव्हरलीफ की व्हीएस कोड?

दोन्हीकडे लिहायचं लाटेकमध्येच, म्हणजे समीकरणं आणि मांडणी आज्ञांनी लिहायच्या पद्धतीत. फरक आहे तो पूर्वदृश्य कसं तयार होतं यात.

ओव्हरलीफ हा ऑनलाइन संपादक आहे; त्याला ब्राउझर पुरतो, काही बसवावं लागत नाही. ऑटो कंपाइल (आज्ञांपासून आपोआप पीडीएफ बनवणं) चालू केलं की टाइप करणं थांबवल्यावर उजवीकडची पीडीएफ आपोआप बदलते. पण प्रत्येक वेळी अख्खा दस्तऐवज कंपाइल होतो. अपूर्णांकाचा महिरपी कंस उघडून क्षणभर विचार करत बसलात, की लगेच लाल चूक! लांब प्रबंधात हे फार टोचतं. तिथे ऑटो कंपाइल बंद ठेवून कंट्रोल-एंटर दाबणं बरं. चित्रं भरपूर असतील तर ड्राफ्ट मोड लावा, त्यात चित्रं वगळली जातात. मोफत खात्यात कंपाइलच्या वेळेला मर्यादा असते, हेही लक्षात असू द्या.

व्हीएस कोड हा आपल्या संगणकावर चालणारा संपादक. त्यासोबत टेक लाइव्ह (लाटेक चालवणारा सॉफ्टवेअर-संच) आणि लाटेक वर्कशॉप हे एक्स्टेन्शन बसवावं लागतं. पूर्ण टेक लाइव्ह काही जीबी जागा खातं. फाइल सेव्ह केली की पीडीएफ बनते. खरी मजा वेगळीच: समीकरणावर माउस नेला की तेवढंच समीकरण, कंपाइल न करता, तिथल्या तिथे दिसतं. मात्र हे काम मॅथजॅक्स हे समीकरणं दाखवणारं वेगळं सॉफ्टवेअर करतं, लाटेक नाही. एखाद्या पॅकेजची (जादा आज्ञांच्या संचाची) खास आज्ञा त्याला कळली नाही तर पूर्वदृश्य बिघडतं, पीडीएफ मात्र बरोबर येते. म्हणून शेवटचा शब्द पीडीएफचाच.

सहलेखक असतील तर ओव्हरलीफ. एकट्याने रोज समीकरणं लिहायची असतील तर बेलाशक व्हीएस कोड. मजकूर देवनागरीत असेल तर दोन्हीकडे कंपाइल करणारा प्रोग्राम म्हणून पीडीएफलाटेकऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा आणि देवनागरी फॉन्ट नेमून द्या.